फँटसी खेळात बंदूक कोणाला यावी? प्रोफिशियन्सी ठरवण्याची एक रीत

मालवणात पावसाळ्याच्या दिवसांत प्रत्येकाने एकेक पात्र चालवायच्या कथाखेळाचे आमचे जे टेबल बसते, त्यावरची मोहीम अठराव्या शतकातल्या कोकणासारख्या एका काल्पनिक किनाऱ्यावर घडते. तिथे जलदुर्ग आहेत, गलबते आहेत, फिरंग्यांच्या वखारी आहेत आणि अर्थातच बंदुका आहेत. पहिल्या वेळी मी डीएम (खेळ चालवणारा) म्हणून उदार झालो आणि सर्व क्लासना (पात्रांच्या पेशांना) बंदुकीची प्रोफिशियन्सी (शस्त्र चालवण्याचे प्रावीण्य) देऊन मोकळा झालो. तिसऱ्या बैठकीपर्यंत एकाही पात्राच्या खांद्यावर धनुष्य उरले नव्हते, आणि विझर्डसुद्धा मंत्र सोडून पिस्तूल परजत होता. पुढे दिलेली रीत त्या फजितीतून तयार झाली आहे. उदाहरणे मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतील असली, तरी रीत इतर खेळांनाही लागू पडावी.

सर्वप्रथम आपल्या हातातले नियमपुस्तक नेमके काय सांगते ते पाहावे, कारण आवृत्तीगणिक उत्तर बदलते. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पिस्तुलाला 1d10 (दहा बाजूंचा एक फासा) आणि मस्केटला (लांब नळीच्या बंदुकीला) 1d12 एवढा मारा दिलेला आहे, पण ही शस्त्रे कोणाला चालवता येतात याचा निर्णय डीएमवर सोडला आहे. 2024 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये दोन्ही शस्त्रे मार्शल (लढवय्यांच्या) शस्त्रांच्या तक्त्यात आली. त्यामुळे फाइटर, पॅलडिन, रेंजर आणि बार्बेरियन या लढाऊ क्लासना ती आपोआप येतात. रॉगला (चोर-भामट्याला) मात्र फिनेस (चपळाईने चालवण्याचा) किंवा लाइट (हलकेपणाचा) गुण असलेलीच मार्शल शस्त्रे येतात, आणि पिस्तुलात हे दोन्ही गुण नाहीत. म्हणजे ज्याने जन्मात दारूगोळा पाहिलेला नाही असा डोंगरातला बार्बेरियन मस्केट सफाईने उडवतो आणि दिवसभर कुलपांशी खेळणारा रॉग पिस्तुलापुढे नवखा ठरतो. तक्ता जसाच्या तसा उचलू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

दुसरे काम हिशेबाचे आहे आणि ते टाळू नये. पहिल्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस (प्रावीण्यामुळे फाशात मिळवायचा आकडा) फक्त +2 असतो. सतराव्या लेव्हलला तो +6 होतो. समजा, डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) +3 असलेले पात्र आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) 15 असलेल्या शत्रूवर नेम धरत आहे. लाँगबो (लांब धनुष्य) येत असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा अधिक पडावे लागते, म्हणजे शक्यता 55 टक्के. मस्केट येत नसेल, तर 12 किंवा अधिक लागते, म्हणजे 45 टक्के. आता डेक्स्टेरिटीचे +3 धरून सरासरी मारा पाहा: लाँगबोचा 7.5, मस्केटचा 9.5. गुणाकार केल्यास बाण दर फेरीला सुमारे 4.1 आणि बंदूक सुमारे 4.3 एवढे नुकसान करते. शिकलेल्या धनुष्यापेक्षा न शिकलेली बंदूक सरस! प्रोफिशियन्सी नाकारली की बंदूक आवाक्यात राहते, हा समज इथे संपतो. लोडिंगच्या गुणामुळे एका ॲक्शनमध्ये (आपल्या पाळीच्या एका कृतीत) एकच गोळी सुटते हे खरे, पण त्याची झळ पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळणाऱ्या फाइटरला बसते. एकाच हल्ल्यावर जगणाऱ्या रॉगला किंवा विझर्डला ती मुळीच बसत नाही.

मग अडथळा ठेवावा कुठे? याचे उत्तर मला पुस्तकाच्या आधी काकांच्या मागीलदारी मिळाले. आमच्याकडे शेतीला वानरांचा आणि डुकरांचा त्रास पूर्वीपासून आहे, आणि काकांपाशी शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत मोजून दारू, तिच्यावर नारळाच्या सोडणाचा बोळा, मग गजाने ठासणे, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि सर्वांत शेवटी केप. हा क्रम त्यांनी कधी घाईत उरकल्याचे मी पाहिले नाही. ते म्हणत, “नेम कोणाकय जमता, दारू किती घालूची ता कळाक व्हया.” बंदूक चालवण्यात दोन वेगळी कौशल्ये असतात, नेम धरणे आणि ठासणे, आणि नवख्याची खरी फसगत दुसऱ्यात होते. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने हा फरक ओळखला होता: तिथे बंदूक न येणाऱ्याला हल्ल्यावर −4 मिळतेच, शिवाय त्याने भरलेल्या बाराचा मिसफायर आकडाही (फाशावर जिथपर्यंत बार फुसका जातो तो आकडा) 4 ने वाढतो.

म्हणून तिसऱ्या पायरीवर प्रोफिशियन्सीचे दोन तुकडे करावेत. आमच्या टेबलावरचा नियम असा आहे: भरलेली बंदूक कोणीही झाडू शकतो, मात्र नेमाची प्रोफिशियन्सी नसेल तर बोनस मिळत नाही. ठासणे येत असलेल्याला नेहमीचाच लोडिंग नियम लागू होतो. ठासणे न येणाऱ्याची बंदूक भरण्यात संपूर्ण ॲक्शन जाते आणि त्याने भरलेल्या बारावर फाशाचे 1 ते 5 आकडे फुसके धरले जातात. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. लढाईआधी फाइटर दोन पिस्तुले ठासून एक रॉगच्या हाती देऊ लागला, आणि बंदूक ही एकट्याची मिरासदारी न राहता टोळीचे काम झाले.

चौथ्या पायरीवर क्लास घ्यावेत, पण प्रश्न “या क्लासला बंदूक शोभते का?” असा न ठेवता “याला ती शिकवली कोणी?” असा ठेवावा. इथे मराठी इतिहासातले शब्द फार उपयोगी पडतात. तोड्याची बंदूक बाळगणारा बरकंदाज, कवायत शिकलेला गारदी, तोफेवरचा गोलंदाज. या तीन माणसांची विद्या वेगवेगळी आहे. जलदुर्गाच्या शिबंदीत वाढलेल्या फाइटरला मी नेम आणि ठासणे दोन्ही देतो, तर घाटमाथ्यावरच्या जहागीरदाराकडे तलवार शिकलेल्या फाइटरला दोन्ही नाकारतो, मग तक्ता काहीही म्हणो. रेंजर शिकारी असेल तर लांब नळीची बंदूक त्याला पूर्ण येते, पिस्तूल नाही. रॉगला नेम द्यावा आणि ठासणे ठेवून घ्यावे. आर्टिफिसरबद्दल (जादूच्या कारागिराबद्दल) वाद घालण्याचे कारण नाही: 2020 च्या पुरवणीतला ऐच्छिक नियमच सांगतो की, बंदुका कशा चालतात हे पाहिलेल्या आर्टिफिसरला त्या येतात.

विझर्डचे प्रकरण रंगतदार आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण तो जाणतो, पण जाणणे आणि झाडणे यांत अंतर असते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या तटाला सुरुंग लावले. ते सुरुंग पेरणारे हात खांद्याला बंदूक लावण्यातही तरबेज असलेच पाहिजेत, असे थोडेच आहे? विझर्डला मी दारू तयार करणे, ती पारखणे आणि सुरुंग पेरणे देतो, नेम मात्र देत नाही. क्लेरिकचे (पुजाऱ्याचे) दैवतावर ठरवावे, आणि बार्बेरियनने बंदूक उलटी धरून दंडुक्यासारखी वापरावी. बहुतेक खेळाडूंना तेच हवे असते. क्लासइतकाच बॅकग्राउंडलाही (पात्राच्या पूर्वायुष्यालाही) मान द्यावा. गलबतावर तांडेलाच्या हाताखाली राबलेला कोणत्याही क्लासचा खलाशी किमान ठासायला शिकलेला असतो.

ज्याला नाकारले त्याला शिकण्याची वाट खुली ठेवणे, ही पाचवी पायरी. 2014 च्या हँडबुकमध्ये प्रशिक्षणाला 250 दिवस आणि रोजचे एक सोन्याचे नाणे लागते. 2017 च्या पुरवणीने तेच दहा आठवडे आणि आठवड्याला 25 नाणी असे केले. मूळ नियम भाषा आणि कारागिरीच्या अवजारांसाठी असले, तरी बंदुकीला दहा आठवड्यांचे माप मला पसंत आहे, कारण ते आपल्या किनाऱ्याच्या पंचांगात चपखल बसते. मृगात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर्दी पात्रे मोकळीच असतात. आठवड्याला दहा बार धरल्यास शंभर गोळ्या होतात, आणि दहा गोळ्यांना तीन नाणी या दराने त्यांचे तीस नाणी वेगळे मोजून घ्यावेत. पहिल्या पाच आठवड्यांनंतर ठासणे द्यावे, दहा पूर्ण झाल्यावर नेम.

कोकणात खेळ घडत असेल, तर दमट हवेचाही नियम हवा. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागते आणि आषाढातल्या सरींत ती टिकत नाही, म्हणून उघड्यावर पाऊस असताना ती चालतच नाही, असे सरळ धरावे. चकमकीच्या बंदुकीचे फुसके आकडे 1 ते 3 करावेत. ठासणे येणाऱ्याने कान (बत्तीचे भोक) आणि रंजक (पेट देणारी दारू) मेणकापडाने झाकून ठेवले असेल, तर फक्त 1.

हे सर्व पहिल्या बैठकीआधी प्रत्येक पात्राच्या कागदावर एका ओळीत लिहून घ्यावे: नेम आहे की नाही, ठासणे आहे की नाही, आणि शिकवले कोणी. मोहीम आधीच सुरू असेल आणि कोणाकडून मिळालेली प्रोफिशियन्सी काढून घ्यावी लागत असेल, तर नेम त्याच्याकडेच राहू द्यावा, केवळ ठासणे परत घ्यावे आणि पुढच्या पावसाळ्यात ते फुकट शिकवावे. आमच्या विझर्डने एवढ्यावर तडजोड केली; पिस्तूल त्याने ठेवले आहे, ते भरून मात्र फाइटर देतो.