प्लाझ्मात तार घालण्याआधी

एमएस्सीनंतर प्लाझ्मा डायग्नॉस्टिक्सकडे, म्हणजे प्लाझ्माचं (आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूचं) तापमान, घनता वगैरे मोजण्याकडे, वळणारे बरेचसे जण टोकामॅकचे (चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राचे) फोटो बघून येतात. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस व्हॅक्यूमच्या ओ-रिंग (रबरी सील) पुसण्यात आणि लीक शोधण्यात जातात. त्याचा कंटाळा येत असेल तर हे क्षेत्र नको, असं मी स्पष्ट सांगतो.

पहिलं साधन हाती येतं ते लँगम्यूर प्रोब. ‘प्लाझ्मा’ हे नाव 1928 मध्ये ज्यांनी रूढ केलं, त्या आयर्विंग लँगम्यूर यांचीच ही देणगी. दिसायला किरकोळ: सिरॅमिकच्या नळीतून डोकावणारी टंगस्टनची तार. तिचं व्होल्टेज उणेकडून अधिककडे नेत करंट नोंदवायचा. समजा तार 0.5 मिमी जाडीची, 5 मिमी उघडी. आरगॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचं तापमान 3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि घनता दर घनमीटरला 10 चा 16 वा घात. उणे बाजूला आयनांचा करंट येतो जेमतेम 20 मायक्रोअँप, अधिक बाजूला इलेक्ट्रॉनांचा तीन-साडेतीन मिलिअँप. दोन्ही एकाच रेंजवर मोजायला गेलात तर आयनांच्या जागी नुसता नॉइज दिसेल.

या नोंदींवरून इलेक्ट्रॉनांचं तापमान काढताना आधी आयनांचा करंट वजा करा, मग उरलेल्या करंटचा लॉग घ्या, मग व्होल्टेजसमोर मांडून सरळ भागाचा उतार काढा. सॉफ्टवेअर हे क्षणात करतं, पण सरळ भाग कुठे संपतो हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. म्हणून सुरुवातीचे आलेख ग्राफपेपरवर हातानेच काढावेत, या मताचा मी आहे. (3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे 35,000 केल्विन. तरी काच का वितळत नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.)

व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना आलेख वेगवेगळे आले, तर आधी तारेवर संशय घ्या. तिच्यावर थर बसलेला असतो. अधिक बाजूचं भरपूर व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ती लालभडक होऊ द्या, मग पुन्हा मोजा. 13.56 मेगाहर्ट्झच्या आरएफ (रेडिओ-फ्रीक्वेन्सी) डिस्चार्जमध्ये प्लाझ्माचं पोटेन्शियलच हेलकावे खातं, त्यामुळे तापमान फुगून दिसतं. तिथे प्रोबच्या टोकाजवळ चोक (आरएफ अडवणारी कॉइल) बसवल्याशिवाय आकडा वहीत लिहू नये.

दुसरं साधन स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारं. ते प्लाझ्माला हात लावत नाही, पण नजरेच्या रेषेतला सगळा प्रकाश एकत्र गोळा करतं. आरगॉनच्या वर्णपटात 337.1 नॅनोमीटरला नायट्रोजन दिसला तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे. 309 च्या आसपास ओएच (पाणी फुटून होणारा हायड्रॉक्सिल) दिसला तर बहुधा भिंतींवर ओल आहे. बोल्ट्झमन आलेखावरून (रेषांच्या तीव्रता पातळ्यांच्या ऊर्जेसमोर मांडून) मिळतं ते उत्तेजित पातळ्यांचं तापमान. विरळ प्लाझ्मात ते प्रोबच्या आकड्याशी जुळेलच असं नाही, आणि ओढूनताणून जुळवायचंही नसतं.

टोकामॅकच्या गाभ्यात तार टिकतच नाही. तिथे प्रकाशच कामी येतो. मॉस्कोच्या टी-3 टोकामॅकमध्ये एक कोटी केल्विनच्या घरात तापमान गाठल्याचा सोव्हिएत दावा पाश्चात्त्यांना पटत नव्हता. 1969 मध्ये ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेतल्या मंडळींनी रुबी लेसर तिकडे नेला, इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटाची रुंदी मोजली (इलेक्ट्रॉन जितके तापलेले, तितकी ती जास्त) आणि दावा खरा ठरवला.

आपल्याकडे यासाठी गांधीनगरजवळचं प्लाझ्मा संशोधन संस्थान आहे. आदित्य टोकामॅक तिथे 1989 पासून. पीएचडीसाठी जेस्ट या प्रवेश परीक्षेची तयारी ठेवा, पण त्याआधी तिथला उन्हाळी प्रकल्प मिळतो का बघा. अर्जात गुणांइतकंच, सोल्डरिंग येतं का आणि ऑसिलोस्कोप हाताळलाय का, तेही लिहा.