नवऱ्याची ब्रेन ट्यूमरची ट्रीटमेंट चालू असताना रोज एक तास घराबाहेर कसं पडायचं

"स्वतःसाठी वेळ काढ गं" असं सांगणाऱ्यांची मला आता चीड येते, कारण तो काढायचा कसा हे त्यातलं एकही माणूस सांगत नाही. आपण बाहेर पडलो तर त्यांच्याजवळ कोण बसणार आणि बसणाऱ्यासमोर फिट आली तर तो काय करणार, खरी अडचण ही आहे. आमच्या ह्यांचं ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं मी काढलंय आणि नंतर फोंड्यातल्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हीच घडी बसवून दिली, म्हणून लिहिते. बायको आजारी असेल आणि नवरा बघत असेल तरी पद्धत हीच.

फाईल, एमआरआयच्या सीडी, दीन दयाळचं कार्ड (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना, तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, मोठ्या घराला चार लाख, रिन्यू आहे ना तेवढं बघा) हे तुम्ही केलंच असेल.

रेडिएशन बहुतेक सोमवार ते शुक्रवार असतं, ग्लायोब्लास्टोमा (मेंदूच्या ट्यूमरचा झपाट्याने वाढणारा प्रकार) असेल तर साधारण सहा आठवडे. ते आत मास्क लावून झोपलेले असतात तेव्हा बाकड्यावर मोबाईल बघत बसू नका, कंपाउंडमध्ये चाला.

तब्येतीची खबर व्हॉट्सॲपवर नणंदेने किंवा मुलाने टाकायची, दिवसातून एकदाच, तुम्ही नाही.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम द्या. मंगळवारी गाडी तू काढ, रात्रीची पेज तू पाठव. लोकांना मदत करायची असते पण काय करायचं ते कळत नाही, आणि आपण "नको, चाललंय" म्हणून त्यांना मोकळं करतो.

आता तो तास. इथे मी खूप अडकले होते म्हणून सविस्तर सांगते.

आधी माणूस निवडा. टाके बघून रडणारी मावशी नको, गोमूत्राचे आणि पपईच्या पानांचे व्हिडिओ दाखवणारा तर उंबऱ्याच्या आतच नको. थंड डोक्याचा, कमी बोलणारा, वेळेवर येणारा माणूस बघा, तो नात्यातलाच हवा असं काही नाही. आमच्याकडे कदंबमधून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळातून, रिटायर झालेले शेजारी यायचे, पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मध्येच सरकारला शिव्या घालायचे, ह्यांना ते फार आवडायचं. एकदा त्यांच्यासमोर फिट आली तर मी परत आल्यावर त्यांनी किती वाजता सुरू झाली, किती वेळ चालली आणि कुठला हात आधी हलला ते सगळं नीट सांगितलं, डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

फिटचं शिकवल्याशिवाय कुणालाही एकटं बसवायचं नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा: कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर १०८, आणि मग तुम्हाला फोन, ह्याच क्रमाने. आधी तुम्हाला फोन करत बसले तर वेळ जातो. पहिले थोडे दिवस तुम्ही घरातच मागच्या पडवीत बसा आणि त्या माणसाला एकट्याने सांभाळू दे. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग तासभर.

सगळ्यात कठीण म्हणजे पेशंटला पटवणं. "मी काय लहान मूल आहे? राखणदार कशाला बसवतेस?" हे आमच्याकडे रोज, आणि मी चपला घातल्या की आवाज चढायचा. इथे एक समजून घ्या, हा राग नेहमी त्यांचा नसतो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि फिटची लेव्हेटिरासिटाम, दोन्हींनी माणूस चिडचिडा होऊ शकतो, आणि ट्यूमर मेंदूच्या पुढच्या भागात असेल तर स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. वागणं वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा, औषधात काही बदलता येतं का ते विचारा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका, स्टिरॉइड तर अजिबात नाही. आणि "काका सहज गप्पा मारायला आलेत" अशी थाप मारू नका, त्यांना ती लगेच कळते. सरळ सांगा, "ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी येतात, मला चालायला जायचंय." ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग त्याच वेळेला स्वतःच "गेली नाहीस अजून?" विचारायला लागले.

हा तास केमिस्टसाठी नाही, बँकेसाठी नाही, भाजीसाठीही नाही. अर्धा तास जोरात चाला, आठवड्यातून पाच दिवस केलं की मोठ्या माणसाला सांगतात ती १५० मिनिटं होतात. मी फर्मागुडीला जायचे, पावसात घरच्या गच्चीच्या पत्र्याखाली फेऱ्या. उरलेला वेळ भजनाच्या तालमीला. लोक बोलतात, "नवरा असा आणि ही टाळ कुटते", बोलू देत.

स्टिरॉइडचा दुसरा डोस संध्याकाळऐवजी दुपारी चालेल का ते डॉक्टरांना विचारा, दोघांची झोप वाचते. उठवाय-बसवायची रीत फिजिओकडून शिकून घ्या, नाहीतर तुमची कंबर जाईल.

नेहमीच्या माणसाला जमलं नाही तर दुसरा ठरलेला असू दे. आणि ज्या दिवशी डोकं जास्त दुखतंय, उलट्या होतायत, ते नेहमीपेक्षा जास्त गुंगीत आहेत किंवा केमोत १००.४ च्या वर ताप आहे, त्या दिवशी चालायला जायचं नाही, आधी हॉस्पिटलला फोन लावायचा.