सारखे वाटणारे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखावेत

इंदूरच्या सियागंजातल्या एका पेढीत मी बावीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. आता रामबागेत घरीच संध्याकाळी मुलांचं इंग्रजी घेते. दर उन्हाळ्यात कुणीतरी मोबाइल पुढे करतं: 'ताई, गोंधळात टाकणारे दीडशे शब्द, पाठ करू का?' नको. ती यादी आधी बंद कर. दीडशे जोड्यांत कुणीच अडखळत नाही. प्रत्येकाचं घोडं आठ-दहा जोड्यांत अडतं आणि त्या ज्याच्या-त्याच्या वेगळ्या असतात. यादी घोकण्याचा तोटा असा की जिथे आजवर हात सरळ चालत होता, तिथेही शंका शिरते. माझ्याकडचा एक मुलगा 'आठवडा' आणि 'अशक्त' या अर्थांचे दोन 'वीक' पाचवीपासून बिनचूक लिहायचा. यादी पाठ केली आणि आठवडाभर त्याचा आठवडा अशक्त होता.

तेव्हा आपलीच जुनी पत्रं, अर्ज, मेल काढा आणि कुठे चुकलात ते टिपा. एवढं कुणालाही जमतं. स्पेलचेकच्या भरवशावर मात्र राहू नका. दोन्ही शब्द खरेखुरे असतात, त्यामुळे साधा स्पेलचेक गप्प बसतो.

मग त्या जोड्यांचे तीन ढीग करा: कानाने सुटणाऱ्या, डोळ्याने सुटणाऱ्या आणि डोकं लावावं लागणाऱ्या.

कानाचं काम मराठी माणसाला खरं तर सोपं आहे, पण इंदुरात राहून आपण ते अवघड करून घेतलंय. 'हरवणे'चा शब्द आणि 'सैल'चा शब्द आपण दोन्ही 'लूज' म्हणतो. हरवण्याच्या शब्दाचा शेवट 'लाज'मधल्या 'ज'सारखा करायचा, पण पुण्याची मावशी 'लाज' म्हणते तसा. सराफ्यातल्या हिंदीतला 'आज' इथे कामाचा नाही. सैलच्या शब्दाचा शेवट 'ऊस'सारखा. उच्चार सुधारला की स्पेलिंगही बसतं: सैल कपड्यात दोन 'ओ' मावतात, हरवलेल्यात एकच उरतो. सल्ल्याचंही तसंच. 'सल्ला' या नामाचा शेवट 'ऊस'सारखा आणि स्पेलिंगमध्ये 'सी'. 'सल्ला देणे' या क्रियापदाचा शेवट 'लाज'सारखा आणि स्पेलिंगमध्ये 'एस'.

ही सल्ल्याची जोडी पक्की धरून ठेवा, कारण पुढे ती उपयोगी पडते. 'प्रॅक्टिस'चे दोन्ही शब्द ऐकायला हुबेहूब सारखे, पण ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत नियम तोच: नामाला 'सी', क्रियापदाला 'एस'. 'लायसन्स'चंही तसंच. पाकिटातलं ड्रायव्हिंगचं कार्ड काढून बघा, त्यावर 'सी'च छापलेला आहे. अमेरिकन माणूस 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'ने लिहितो आणि 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'ने. आपल्याला काय त्याचं!

डोळ्याच्या ढिगातलं पहिलं उदाहरण खजुरी बाजारात मिळेल. वह्या-पेनांच्या दुकानावर 'स्टेशनरी' लिहिताना शेवटच्या 'आर'आधी 'ए' हवा की 'ई'? 'ए' घातला तर अर्थ होतो 'जागचं न हलणारं'. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. लंडनमधला त्यांचा संघ 1403 सालचा. 'बेकर'ची 'बेकरी' होते तशी 'स्टेशनर'ची 'स्टेशनरी', म्हणून मालाला 'ई'. बेकरी सगळ्यांनाच लिहिता येते, तिच्याकडे बघून लिहा.

'प्रिन्सिपल'ची जोडी शिकवताना 'प्राचार्य आपला मित्र, म्हणून शेवटी पाल (इंग्रजीत मित्र)' हे सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. कर्जाचं मुद्दल लिहायची वेळ आली की हा मित्र कामाला येत नाही. 'मुख्य' हा एकच शब्द लक्षात ठेवा. शाळेतली मुख्य व्यक्ती, कर्जातली मुख्य रक्कम, मुख्य कारण: सगळीकडे शेवट 'ए-एल'. 'एल-ई'वाला फक्त तत्त्वासाठी.

'इट्स'मध्ये 'एस'आधी वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) कधी द्यायचं? 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं मोकळं करून वाचता आलं तर. पुढे चला.

आता डोक्याचा ढीग. त्यात मी स्वतः कित्येक वर्षं आपटले ती जोडी म्हणजे अफेक्ट आणि इफेक्ट.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मुंबईच्या एका पुरवठादाराला पत्र लिहिलं. पैसे चुकते केले, हे जरा भारदस्त भाषेत कळवायचं होतं. मी टाइप केलं, 'पेमेंट वॉज अफेक्टेड ऑन मंडे'. बुधवारी त्यांचा फोन: पैसे अडकलेत का, बँकेत काही झालंय का, पुढचा माल रोखू का? मी लिहिलं होतं की सोमवारी पेमेंट बाधित झालं. लिहायचं होतं 'इफेक्टेड', म्हणजे पार पडलं. एका अक्षराने व्यवहार उलटा झाला. मालकांनी ते पत्र काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले.

'अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम' हे मला तेव्हाही पाठ होतं, आणि त्यानेच घात केला. मला क्रियापद हवं होतं म्हणून मी इमानदारीने 'ए' टाकला. तेव्हा हा नियम एकटा कुणाला शिकवू नका.

शिवाय मराठी माणसाची अडचण वेगळीच आहे. आपण म्हणतो, 'पावसाचा सोयाबीनवर परिणाम झाला.' काम क्रियापदाचं, पण शब्द 'परिणाम', म्हणजे नाम. मनात नामच घोळत असतं, त्यामुळे नाम की क्रियापद हे स्वतःला विचारून उत्तर चुकतं. त्यात 'सोयाबीनवर'मधला 'वर' हाताला 'ऑन' लिहायला लावतो आणि 'अफेक्टेड ऑन द क्रॉप' असं धेडगुजरी काहीतरी तयार होतं. हे वाक्य मी निदान शंभर वह्यांत लाल केलं असेल.

म्हणून व्याकरणाचं नाव न घेता वाक्याकडे बघा. शब्दाआधी 'द', 'ॲन', 'नो' किंवा 'एनी' बसतो का? मागून 'ऑन' येतोय का? मग 'ई': 'द रेन हॅड नो इफेक्ट ऑन द क्रॉप'. 'ऑन' नाही, पीक थेट शब्दाला चिकटलंय? मग 'ए': 'द रेन अफेक्टेड द क्रॉप'. एवढ्याने बहुतेक वाक्यं सुटतात. सरकारी आदेशातलं 'विथ इफेक्ट फ्रॉम' आणि औषधाचा साइड इफेक्ट हे कायम 'ई'चे, तिथे विचारही करू नका.

उरलं माझ्या पत्रासारखं वाक्य. तिथे मराठीत दोन शब्द बसवून बघा. 'बाधित' बसला तर 'ए'. 'घडवून आणलं' किंवा 'पार पाडलं' बसलं तर 'ई'. 'पेमेंट बाधित झालं' की 'पेमेंट पार पडलं'? सही करण्याआधी हे मोठ्याने म्हणा, शेजारचा हसला तरी चालेल. मनोविकारतज्ज्ञ 'ॲफेक्ट' हा शब्द नाम म्हणून वापरतात आणि जोर पहिल्या अक्षरावर देतात. तो तुमच्या पत्रात येणार नाही.

उसने घेणे आणि उसने देणे, म्हणजे 'बॉरो' आणि 'लेंड', यांचं दुखणंही याच जातीचं. मराठीत 'उसने' एकच आणि दिशा दाखवायला घे-दे. इंग्रजीत घे-दे शब्दाच्या पोटातच असतं. 'बॉरो'पुढे कंसात पेन्सिलने 'घे' लिहा आणि 'लेंड'पुढे 'दे'. दोन आठवड्यांत कंस लागत नाही.

एकेका जोडीला आठवडा द्या, दोन जोड्या एकदम घेऊ नका. माझ्या स्वतःच्या यादीत सध्या 'डिस्क्रीट'चे दोन आहेत: एक तोंड सांभाळून वागणारा, एक सुटा-सुटा. सुट्या-सुट्या अर्थाच्या शब्दात मधला 'टी' दोन 'ई'ना एकमेकांपासून सुटं करतो, एवढं हाती लागलंय. आज मंगळवार आहे, रविवारपर्यंत तीच जोडी.