आपल्या दैवतावर दोन पानं लिहायची तर

श्रावण लागला की माझ्या टेबलावर दैवतं उतरायला लागतात. दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, वाचनालयाचा वार्षिक अंक. ‘माझं प्रेरणास्थान’, ‘मला घडवणारी व्यक्ती’, ‘एक दीपस्तंभ’. मिरजेत मुद्रितशोधक म्हणून चाळीस वर्षं काढली, त्यात लताबाई, पुलं, सावित्रीबाई, सचिन किती वेळा वाचले याचा हिशेब नाही. ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे पैसे मिळतात, लेख सुधारायचे मिळत नाहीत. म्हणून तोंड मिटून होतो. यंदा ओळखीतल्या चौघांनी ‘कसं लिहू?’ विचारलं, तेव्हा एकदाच सगळं सांगून टाकतो.

पहिलं काम, लिहिलेल्या लेखातलं नाव बोटानं झाका आणि वाचा. एका स्मरणिकेत भीमसेन जोशींवर एक लेख होता आणि वसंतराव देशपांड्यांवर एक. पानं लावताना दोन्ही लेखांची दुसरी पानं एकमेकांत गेली. ‘अवघं आयुष्य स्वरांना वाहिलं’, ‘असा कलावंत पुन्हा होणे नाही’, ‘त्यांच्या स्मृतीस कोटी कोटी प्रणाम’. मजकूर कुठेही खटकला नाही. चूक माझ्या लक्षात आली ती पान क्रमांकामुळे. नाव झाकल्यावर तुमचा लेख दुसऱ्या कुणालाही बसत असेल तर तो अजून लिहायचाच आहे असं समजा.

जन्म, शिक्षण, पुरस्कार यांनी सुरुवात करू नका. ते वाचकाला फोनवर मिळतं. हवंच असेल तर मध्ये कुठेतरी दोन वाक्यांत उरका. माझं दैवत कुमार गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. मुंबईत देवधर मास्तरांकडे गाण्याचं शिक्षण. १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला निधन. झालं. यातलं एकही वाक्य मला कुमारजींच्या जवळ घेऊन गेलेलं नाही.

सुरुवात करा ती तुमची गाठ पडली तिथून. खोली कुठली, वेळ कुठली, हातात काय होतं, शेजारी कोण होतं. माझी गाठ १९८४ साली पडली, छापखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीतच, कारण एरवी ट्रेडल मशीनच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. नाना नावाचे आमचे जुने जुळारी होते, शिशाचे अक्षरखिळे जुळवून ओळी लावणारे. खिळ्यांच्या केसच्या वर फळीवर त्यांचा टेपरेकॉर्डर, त्याचं झाकण तुटलेलं, कॅसेट बोटानं दाबून धरावी लागायची. त्यांनी कबीराचं एक निर्गुणी भजन लावलं. गाणारा एक ओळ टाकायचा आणि गप्प. तंबोरे तेवढे चालू. मग परत अर्धी ओळ. मी वीस वर्षांचा, चटणी-भाकरी खात होतो. म्हटलं, “नाना, ह्यांना दम लागतोय काय?”

नानांनी डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, आणि अर्धवट जुळवलेली स्टिक, म्हणजे खिळे ओळीत बसवायची पट्टी, माझ्यासमोर धरली. “ह्या दोन शब्दांच्या मधी काय हाय?”

“काही नाही. मोकळी जागा.”

“बोट लाव.”

बोट लावलं. शिसं होतं. अक्षराच्या खिळ्यापेक्षा बुटका, कोरा खिळा. शाई त्याच्यापर्यंत पोचत नाही म्हणून कागदावर तो पांढरा दिसतो. “हे नाही घातलंस तर वळ ढासळती,” नाना म्हणाले. “ते दमल्यालं न्हाईत. जागा घालत्यात.”

कुमारजींवर मी जे काही लिहीन ते या स्टिकपासून सुरू होईल. तुमचीही अशी एक वस्तू असणार. आठवत नसेल तर लिहायला बसू नका, दोन दिवस नुसते आठवत फिरा. मग येते.

गिरणीवाल्या वहिनींचं उदाहरण सांगतो. आमच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी आहे. महिला मंडळाच्या अंकासाठी त्यांना बहिणाबाई चौधरींवर लिहायचं होतं. पहिला कागद आणला त्यावर ‘खानदेशच्या मातीत उमललेलं काव्यपुष्प’ असं काहीतरी. मी म्हटलं, “वहिनी, हे राहू दे. बहिणाबाई तुमच्या कोण लागतात ते सांगा.” त्या जरा वैतागल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, त्या जात्यावर गायच्या. माझ्या गिरणीत मला माझं बोललेलंसुद्धा ऐकू येत नाही.” मी पेन त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, हे पहिलं वाक्य. लिहा.

पुढचं त्यांचं त्यांनीच लिहिलं. पट्टा फिरत असताना ओठ हलवत मनातल्या मनात म्हटलेल्या ओव्या, डब्यांवर खडूनं लिहिलेली नावं. शाळा चौथीत सुटल्यामुळे ती नावं त्या आजही जपून, एकेक अक्षर उमटवत लिहितात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व एक नातलग उतरवून घ्यायचे. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली. ही माहिती मी शेकडो लेखांत तपासली आहे. खडूच्या अक्षरांशेजारी ती आली तेव्हा प्रथमच मला वाटलं की स्वतःचं पुस्तक न बघता जाणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्या बाईला कळलंय.

आता तथ्यांबद्दल. भक्तीच्या भरात माणूस आकडे बघत नाही, आणि हे मी स्वतः करून बसलोय. कुमारजींवरच्या एका टिपणात माझ्या हातून १९२४ चं १९४२ झालं आणि तसंच छापलं गेलं. खाली पुढे लिहिलेलं होतं की १९४७ साली त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी क्षयाचं निदान. म्हणजे दोन्ही गोष्टी पाचव्या वर्षी. एका वाचकानं कार्ड पाठवलं, त्यावर फक्त ‘बालविवाह?’ एवढंच. तेव्हापासून लेखातली सगळी सालं मी वेगळ्या कागदावर एकाखाली एक मांडतो आणि प्रत्येक सालापुढे वय लिहितो. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हीही करा.

सालांपेक्षा फसव्या असतात त्या गोळीबंद गोष्टी. कुमारजींबद्दल सगळे लिहितात की आजारानं त्यांचं गाणं घडवलं. ऐकायला छान वाटतं. पण आजाराआधी ते लहानपणापासून मैफिली गाजवत होते, मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवत होते. १९४८ साली कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले, पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवं होतं, त्यानं गुण आला. त्या पडून राहण्याच्या वर्षांत बाहेरून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत होती, आणि त्या धुनांतून पुढे राग निघाले. त्या काळी क्षयानं अंथरुणाला खिळलेली माणसं थोडी नव्हती. मिरजेजवळ वानलेसवाडीला तर त्यांच्यासाठी मोठं सॅनेटोरियमच होतं. त्या सगळ्यांच्या खिडक्यांबाहेर कुणीतरी गात असणारच. तेव्हा श्रेय क्षयाला देऊ नका, कानाला द्या. तुमच्या माणसाबद्दलही अशी एखादी तयार गोष्ट असेल. ती उचलण्याआधी एकदा उलटी करून बघा.

न पटणारं लिहायचं का? लिहायचं. मला कुमारजींच्या सगळ्याच प्रयोगांत गोडी वाटत नाही. त्यांच्या ऋतूंवरच्या कार्यक्रमांतली काही लोकगीतं माझ्या कानावरून जातात, आत उतरत नाहीत. नानांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. पण हे वाक्य घातलं की बाकीच्या कौतुकावर वाचकाचा विश्वास बसतो. फक्त ते तोंडी लावण्यापुरतं असू दे, त्याचीच भाजी करू नका.

यात नमुना म्हणून पुढे ठेवावं असं काम खुद्द कुमारजींनीच करून ठेवलंय. बालगंधर्वांची पदं त्यांनी आपल्या पद्धतीनं गायली आणि त्या कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्व म्हणजे आमच्या मिरजेला घरचेच. १९०५ साली त्यांची शकुंतला पहिल्यांदा उभी राहिली ती इथं, आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह आजही आहे. त्यांची नक्कल करणारे गल्लोगल्ली होऊन गेले. कुमारजींना नक्कल लहानपणापासून येत होती, तरी त्यांनी ती केली नाही. ‘थोर’, ‘अलौकिक’, ‘नटसम्राट’ असलं काही शीर्षकात घातलं नाही. ‘मला’ आणि ‘उमजलेले’. उमजलं तेवढंच सांगणार, आणि तेही माझ्यापुरतं. तुमच्या लेखाच्या वर हे दोन शब्द पेन्सिलीनं लिहून ठेवा, छापायला देताना खोडा.

आणि त्या माणसामुळे तुमच्या हातून रोज काय वेगळं होतं ते एक तरी लिहा. ‘जगण्याची दृष्टी मिळाली’ चालणार नाही. माझं सांगतो. खिळे गेले, डीटीपी म्हणजे संगणकावरची जुळणी आली, आता मोकळ्या जागेला वजन राहिलं नाही. जाहिरात बसवायची असली की ऑपरेटर पोरगा दोन परिच्छेदांमधली ओळ उडवतो, शब्द दाटीवाटीनं कोंबतो. मी प्रुफावर लाल पेनानं ती जागा परत मागतो. तो म्हणतो, “काका, तिथं काही नाहीये.” मी म्हणतो, “बोट लाव.” त्याला अर्थातच काही कळत नाही. दर दिवाळीत आमचं यावरून वाजतं.

लांबी? दोन पानं पुष्कळ. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचा, तेही तुमच्या दैवताची ज्याला काही पडलेली नाही अशा माणसासमोर. तो मध्येच फोन बघायला लागेल ती जागा कापा. मग शेवटचा परिच्छेद न वाचताच काढून टाका, कारण सगळे प्रणाम तिथेच दडून बसलेले असतात.

गिरणीवाल्या वहिनींनीही शेवटी ‘अशा या थोर माउलीस शतशः नमन’ घातलं होतं. पहिल्या प्रुफात मी ते कापलं. दुसऱ्या प्रुफात त्यांनी निळ्या पेनानं परत लिहून पाठवलं. मी पुन्हा कापलं. तिसऱ्या वेळी प्रूफ घेऊन त्या स्वतःच आल्या, हाताला पीठ तसंच. “भाऊजी, वरचं सगळं तुमच्या म्हणण्यानं केलं,” म्हणाल्या. “एवढं एक राहू दे.”

राहू दिलं. वर एक ओळ मोकळी सोडायला लावली फक्त.