पुस्तक पाहून मण्यांची जाळी विणताना या चुका टाळा

काचेच्या बारीक मण्यांची जाळी विणायला शिकवणारी पुस्तके आता घरबसल्या मागवता येतात, आणि त्यांच्या आधाराने काम सुरू करून मध्येच अडलेल्या अनेक जणी मण्यांचे डबे आणि अर्धे विणलेले काम घेऊन कोल्हापुरातल्या माझ्या घरी येतात. गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस आणि लग्नसराईतली रुखवताची घाई यांत ही ये-जा विशेष वाढते. काम तोरणाचे असो, महिरपीचे असो, कलशाच्या आवरणाचे असो किंवा गळ्यातल्या हाराचे असो, चुका ठरावीक असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच सवयीतून येतात. पुस्तकातले तयार वस्तूचे छायाचित्र मन लावून पाहिले जाते आणि त्याच्या शेजारची दोऱ्याच्या मार्गाची आकृती नुसती नजरेखालून जाते.

छायाचित्रावरून जाळीचा हिशेब कळत नाही, आणि हिशेब कळल्याशिवाय जाळी विणता येत नाही. पाच मण्यांच्या जाळीत सुईत पाच मणी घ्यायचे, पायाच्या, म्हणजे सर्वांत आधी ओवलेल्या, ओळीतले पाच मणी सोडायचे आणि सहाव्यातून सुई काढायची, म्हणजे एक कमान तयार होते. पुढच्या ओळीत सुई प्रत्येक कमानीच्या बरोबर मधल्या, म्हणजे तिसऱ्या मण्यातून जाते. हा मधला मणी दोन ओळींना जोडतो, म्हणून मी त्याला सांध्याचा मणी म्हणते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मण्यांना दुव्याचे मणी. सांध्याच्या दोन्ही अंगांना सारखेच मणी हवे असतात, म्हणून कमानीतले मणी नेहमी विषम संख्येत येतात. पाचाच्या जाळीत शंकरपाळ्यासारखे जे घर तयार होते, त्याला कोपऱ्यांचे चार आणि बाजूंचे आठ असे बारा मणी लागतात. तिनाच्या जाळीत तेच घर आठ मण्यांचे होते आणि साताच्या जाळीत सोळा मण्यांचे. एखादे घर वेडेवाकडे दिसले की दोरा ओढून ते सरळ करू पाहणाऱ्या पुष्कळ असतात. त्यांनी आधी त्या घराचे मणी मोजावेत. बारांऐवजी अकरा किंवा तेरा निघाले, तर कितीही ओढले तरी ते घर सरळ होणार नाही.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त काम वाया गेलेले मी पाहिले आहे, तिच्याविषयी सविस्तर लिहिते. एका लग्नसराईत एक बाई भाचीच्या रुखवतासाठी तांब्याच्या कलशावर मण्यांचे आवरण विणत होत्या. पुस्तक मैत्रिणीचे होते आणि ते परत द्यायचे असल्यामुळे त्यांनी आवश्यक तेवढ्या पानांची काळी-पांढरी झेरॉक्स काढून घेतली होती. कलशाचा अर्धा भाग विणून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, ‘काकू, पुस्तकातच चूक आहे. मी सांगितल्याप्रमाणे सगळे केले, तरी पट्टे जुळत नाहीत.’ त्यांचा हात चांगला होता आणि ताणही एकसारखा होता, परंतु मरून रंगाचा पट्टा कलशाभोवती फिरून आला की स्वतःच्या सुरुवातीला न भेटता तिच्या वरून जात होता, वरची कड एका बाजूला चढली होती आणि फेर जिथे सुरू होत होते तिथे मणी गोळा झाले होते.

गोल जाळीत प्रत्येक फेराच्या शेवटी एक पायरी चढायची असते. त्यांच्या पायाच्या कड्यात ४८ मणी होते, म्हणजे प्रत्येक फेरात आठ कमानी. आठवी कमान पूर्ण करून सुई सुरुवातीच्या मण्यातून बाहेर आली, की दोरा अजून खालच्याच पातळीवर असतो. तेथून नवे मणी न घेता सुई याच फेरातल्या पहिल्या कमानीच्या पहिल्या तीन मण्यांतून वर न्यावी लागते, तेव्हा ती सांध्याच्या मण्यातून बाहेर पडते आणि मगच पुढचा फेर सुरू होतो. ही चढण गाळली तर फेर बंद होत नाही आणि जाळी जिन्यासारखी फिरत वर सरकते. मूळ पुस्तकात आधीच्या फेराचे मणी फिके, नव्या फेराचे गडद आणि ही चढण बारीक लाल रेघेने दाखवलेली होती. झेरॉक्समध्ये फिके आणि गडद एकसारखे करडे झाले होते आणि लाल रेघ मण्यांच्या कडांत मिसळून गेली होती. बाईंना ती दिसलीच नाही, आणि मजकुरातले त्याविषयीचे एकुलते एक वाक्य त्यांनी वाचले नव्हते, कारण आकृती असताना मजकूर कशाला वाचायचा, असे त्यांना वाटले. चुकलेला भाग तेवढा कापून जोडता येईल का, असे त्यांनी विचारले. जाळीत असे करता येत नाही, कारण प्रत्येक फेर खालच्या फेरावर उभा असतो. पहिल्या फेरापर्यंत सगळे उसवावे लागले आणि आवरण लग्नाच्या आदल्या रात्री पूर्ण झाले.

यावर माझा उपाय कोणत्याही पुस्तकातला नाही, माझ्या सवयीचा आहे. फेर सुरू करण्यापूर्वी मी त्या फेराचे मणी मोजून एका वेगळ्या वाटीत काढते. आठ कमानी आणि प्रत्येकीत पाच मणी, म्हणजे चाळीस. वाटी रिकामी झाली की चढायची वेळ झाली, हे डोळ्यांना कळते, आणि चढून झाल्याशिवाय मी वाटी पुन्हा भरत नाही. वाटीत मणी उरले तर एखादी कमान सुटलेली असते आणि कमी पडले तर कुठेतरी जास्तीचे मणी गेलेले असतात, त्यामुळे चूक त्याच फेरात सापडते. याखेरीज पहिल्या कमानीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा सैल फास अडकवून ठेवावा आणि तो प्रत्येक फेराबरोबर वर घ्यावा, कारण चढण्याची जागा दर फेरात अर्ध्या कमानीने पुढे सरकते आणि नवशिकी मात्र ती खालच्याच मण्याच्या रेषेत शोधत राहते.

झेरॉक्स काढायचीच असेल तर रंगीत काढावी. ते शक्य नसेल तर मूळ पुस्तक समोर असतानाच रंगीत पेन्सिलींनी नवे मणी आणि दोऱ्याचा मार्ग झेरॉक्सवर रंगवून घ्यावा. या कामाला लागणारा अर्धा तास ज्यांना जास्त वाटतो, त्यांना मी जाळी शिकवत नाही. सौराष्ट्रातल्या मोतीभरताची, म्हणजे तिथल्या पारंपरिक मणीकामाची, तोरणे आणि चाकळे (भिंतीवर लावायचे चौकोनी तुकडे) याच जातीच्या विणीने होत आले आहेत, पण ती विद्या आईच्या किंवा सासूच्या हाताकडे पाहत मुलींनी उचलली. सुई कोणत्या मण्यातून कोणत्या दिशेने गेली, हे समोर दिसत होते. पुस्तकातले चित्र हलत नाही, म्हणून त्यातली हालचाल वाचणारीला स्वतः करावी लागते. मी प्रत्येक नव्या आकृतीवर सुरुवातीच्या ठिपक्यापासून बोथट सुई फिरवते आणि कुठे नवे मणी घ्यायचे व कुठे जुन्यांतून नुसते जायचे, हे तोंडाने म्हणते. नवशिकीचा गोंधळ नेमका याच दोन क्रियांत होतो.

नमुना न करता थेट मुख्य काम सुरू करणे ही तितकीच सर्रास दिसणारी चूक आहे. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातली बोटभर पट्टी कंटाळवाणी वाटते, म्हणून ती सोडून एकदम हाराचे पान उघडले जाते आणि हारातली मण्यांची वाढवण-घटवण समजली नाही की पुस्तक वाईट ठरते. कोणतेही नवे काम असो, सांध्याचे मणी एका रंगाचे आणि दुव्याचे दुसऱ्या रंगाचे घेऊन चार ओळींचा नमुना करावा, मग खरे काम एकाच रंगात करायचे असले तरीही. पांढऱ्यावर पांढरे विणत शिकायला बसणारीला आपली सुई दुसऱ्या मण्यातून गेली की तिसऱ्या, हे दिसूच शकत नाही. सपाट जाळीत ओळीच्या टोकाला वळताना नेहमीपेक्षा वेगळ्या संख्येने मणी घ्यावे लागतात. ती संख्या पुस्तकात निराळी दिलेली असते आणि नमुन्यात ती दोन-तीनदा करून पाहिली की हातात बसते.

दोऱ्याविषयी माझी मते ठाम आहेत. आपल्याकडे मणी ओवायचे म्हटले की दुकानदार तंगूस, म्हणजे प्लास्टिकचा एकसंध पारदर्शक दोरा देतो, कारण त्याला सुई लागत नाही आणि काम पटकन होते. सरळ माळेला तो चालतो. जाळीला तो चालत नाही, कारण जाळी कापडासारखी पडली पाहिजे आणि तंगूस ताठ असतो. रिळावरचे वळण तो सोडत नाही, त्यावरची गाठ सरकते, आणि दारावर उन्हात राहिलेल्या तोरणातला तंगूस पुढे ठिसूळ होऊन तुटतो. सुती दोरा मण्यांच्या कडांवर घासून विसविशीत होतो आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत कुजतो. आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पटवेकरी मोत्यांचे सर रेशमात गाठवून देतात. ते काम उत्तमच असते, पण बारीक काचेच्या मण्यांची कड रेशमाला कापते. जाळीसाठी मणीकामाचा नायलॉनचा दोरा घ्यावा किंवा मासेमारीसाठी मिळणारी विणलेली बारीक दोरी घ्यावी. नायलॉन ताणला जातो, म्हणून ओवण्यापूर्वी तो हातभर हातभर लांबीने ओढून घ्यावा आणि मधमाशीच्या मेणावरून एकदा फिरवावा. इजिप्तमधल्या गिझा येथील एका थडग्यात १९२७ साली फेयान्सच्या (चिनी मातीसारख्या झिलईदार पदार्थाच्या) मण्यांच्या जाळीचा साडेचार हजार वर्षांपूर्वीचा पोशाख सापडला, जो आता बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचे सुमारे सात हजार मणी टिकले होते आणि दोरा मात्र पूर्ण नष्ट झाला होता. काही मणी जागच्या जागी पडून होते म्हणून अभ्यासकांना ती जाळी पुन्हा ओवता आली. आपल्या तोरणाचे मणी दाराशी विखुरले तर तशी सोय नसते.

दोरा वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढा घ्यावा, त्याहून लांब नको. पुन्हा दोरा जोडावा लागू नये म्हणून तीन-चार मीटर ओवून बसणाऱ्यांचा जितका वेळ गुंता सोडवण्यात जातो, तितक्यात दोन जोड होतात. जोड देताना सांध्याच्या मण्याशी गाठ मारू नये. त्या मण्यातून दोरा आधीच दोनदा गेलेला असतो, आणि भरलेल्या छिद्रातून पक्कडीने सुई ओढली की मणी फुटतो. नव्या-जुन्या दोऱ्यांची टोके दुव्याच्या मण्यांतून, विणीच्या मार्गानेच फिरवावीत.

मण्यांच्या आकाराच्या आकड्यांत उलटा हिशेब असतो. ८/० चा मणी साधारण तीन मिलिमीटरचा, ११/० चा दोन आणि १५/० चा दीड मिलिमीटरचा असतो, म्हणजे आकडा वाढला की मणी लहान होतो; सुईचेही तसेच, बारा नंबरची सुई दहा नंबरच्या सुईपेक्षा बारीक. पुस्तकात ११/० लिहिले असताना बाजारातून नुसते ‘बारीक मणी’ आणले तर माप चुकणारच. माझी पद्धत अशी, की मूठभर मणी ओवून पट्टीवर ठेवायचे. एका इंचात साधारण अठरा बसले तर ते ११/० च्या जवळचे.

सुटे, स्वस्त मणी एकसारखे नसतात. जाड, चपटे आणि अरुंद छिद्राचे मणी आधीच निवडून बाजूला काढावेत. निवडणे हा कामाचाच भाग आहे.

परदेशी पुस्तकांतली मापे इंच आणि यार्डात असतात. यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर, मीटर नव्हे.

डावखुऱ्या व्यक्तीने आकृती पारदर्शक कागदावर उतरवून कागद उलटा करून वापरावा.

वर्तुळाकार सपाट जाळी वाटीसारखी वळत असेल तर फेरागणिक कमानीतले मणी वाढवलेले नाहीत, हे समजावे. तीन, मग पाच, मग सात असे ते वाढावे लागतात. कलशाच्या पोटाकडे जातानाही हाच नियम आणि गळ्याकडे येताना त्याच्या उलट. दोरा आवळून गळा बसवायचा प्रयत्न केला तर जाळी ताठ होते आणि घरे मिटतात.

कमानीत एखादा मणी जास्त गेला असेल आणि तो पुष्कळ खाली राहिला असेल, तर त्याच्या छिद्रात जाड सुई घालून मगच तो पक्कडीने फोडावा, म्हणजे दोरा कापला जात नाही. फोडताना त्यावर कापड धरावे, कारण काचेचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. मणी कमी पडला असेल तर मात्र उसवण्याला पर्याय नाही.

शेवटची ओळ झाली की लगेच दोरा कापण्याची घाई जवळजवळ प्रत्येक जण करते. तोरण किंवा हार दोन दिवस टांगून ठेवावा. मण्यांच्या वजनाने नायलॉन थोडा सुटतो आणि वरच्या ओळींत दोरा दिसू लागतो. दोऱ्याचे शेपूट शिल्लक असेल तर शेवटच्या दोन-तीन ओळींतला ढिलेपणा तेवढ्यात ओढून घेता येतो, आणि त्यानंतर ते शेपूट चार-पाच कमानींतून फिरवून कापावे.