मॅग्नेटिक लूप डोंगरावर नेताय? या चुका टाळा

मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.१ दिसतोय, रिगची म्हणजे रेडिओ संचाची काही तक्रार नाही, आणि तरीही ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटर बँडवर, पुण्याचं कुणी उत्तर देत नाही. नाशिकजवळ अंजनेरीच्या पठारावर किंवा रामशेजच्या पायथ्याशी पोर्टेबल लूप (कपॅसिटरने ट्यून होणारं, कड्यासारखं छोटं अँटेना) लावून बसलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, अशा वेळी बँडला नावं ठेवतात. घोळ बहुधा लूपच्या सांध्यात असतो.

हिशेबच बघा. एक मीटर व्यासाच्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर हवेत जाण्याचा वाटा ठरवणारा रोध) ७.१ मेगाहर्ट्झला जेमतेम ६ मिलिओहम भरतो. लूप जाड कोअ‍ॅक्स केबलच्या शिल्डचा (बाहेरच्या तांब्याच्या जाळीचा) असेल तर शिल्डचा स्वतःचा तोटाच ८०-९० मिलिओहम. म्हणजे १० वॉटपैकी हवेत पाऊण वॉटही जात नाही, बाकीची गरमी होते. त्यात एखादा कनेक्टर ढिला राहून आणखी ५० मिलिओहम वाढले की अर्धा वॉटही उरत नाही. एसडब्ल्यूआर मीटरला याचं सोयरसुतक नसतं, कारण पॉवर हवेत गेली काय आणि सांध्यात जिरली काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखंच.

म्हणून घरी, सगळं चकचकीत असताना, नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) एसडब्ल्यूआर २ च्या आतली बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, मोजून लिहून ठेवा. ४० मीटरवर ती काही किलोहर्ट्झच असते. डोंगरावर तीच दुप्पट दिसली तर ‘वा, लूप सुधारला’ म्हणू नका. तोटा वाढलाय. कमी पॉवरवर मिनिटभर कॅरिअर (न बोलता नुसती सलग लहर) द्या, रिग बंद करा आणि मगच सांधे हाताने चाचपून बघा. कोमट लागेल तो सांधा उघडून घासा. कोअ‍ॅक्सचा लूप सारखा गुंडाळून सॅकमध्ये कोंबला की कनेक्टरजवळची जाळी आतल्या आत तुटते, वरून काही दिसत नाही. एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी २२ मिलिमीटरची तांब्याची नळी घेतली तर तोटा निम्म्याहूनही कमी होतो. पण ती अंजनेरीच्या पायऱ्यांवरून खांद्यावर न्यायची हौस हवी.

तेवढी हौस नसेल तर छोटा लूप २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झवर) चालवा. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की रेडिएशन रेझिस्टन्स १६ पट होतो, आणि तोच एक मीटरचा लूप तिथे बऱ्यापैकी अँटेना ठरतो. ४० मीटरच हवा असेल तर लूप मोठा करा. एक मीटरचा लूप घेऊन सकाळच्या नेटमध्ये (हॅमच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांत) ५९ ची, म्हणजे खणखणीत सिग्नलच्या रिपोर्टची, अपेक्षा धरू नये.

दुसरी चूक रिगमधल्या ऑटो ट्यूनरची. तो चालू राहिला की लूप रेझोनन्सला (त्या फ्रिक्वेन्सीला नीट जुळलेला) नसतानाही रिगला ५० ओहम दिसतात आणि तुम्ही निवांत बोलत राहता. ट्यूनर बंद करा. आधी नुसतं ऐकत कपॅसिटर हळूहळू फिरवा. एका जागी खरखर एकदम उसळते. तिथून पुढचं बारीक काम एक-दोन वॉटवर करा. हात काढला की ट्यूनिंग सरकतं, म्हणून नॉबला प्लॅस्टिकची लांब दांडी लावा. फ्रिक्वेन्सी पाच-दहा किलोहर्ट्झ हलवली तरी पुन्हा ट्यून करावंच लागतं, त्यात लूपचा दोष नाही.

एसडब्ल्यूआर १.५ च्या खाली येतच नसेल तर कपलिंग लूप (मोठ्या लूपला पॉवर देणारं छोटं कडं) बघा. त्याचा व्यास मोठ्या लूपच्या साधारण एक पंचमांश ठेवा आणि थोडा दाबून, थोडा वर-खाली सरकवून बघा. रिगकडून येणाऱ्या कोअ‍ॅक्सला हात लावल्यावर मीटरचा काटा हलत असेल तर ती कोअ‍ॅक्सच अँटेना झालीय. लूपच्या टोकाशी फेराइटच्या रिंगेवर तिचे काही वेढे घ्या. ३१ किंवा ४३ मिक्सची (फेराइटच्या प्रकाराची) रिंग चालते.

जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (एकाच दांड्यावरचे दोन फिरते कपॅसिटर) स्वस्तात मिळतो, पण वर सांगितलेल्या लूपमध्ये १० वॉटलाही कपॅसिटरवर हजाराच्या वर व्होल्ट चढतात. पात्यांमधली फट बारीक असेल तर चटचट ठिणग्या पडतात आणि एसडब्ल्यूआर उड्या मारतो. दोन्ही गँग सिरीजमध्ये जोडा. व्होल्टेज वाटलं जातं आणि मधला घासणारा कॉन्टॅक्टही वाटेतून दूर होतो. कपॅसिटी मात्र निम्मी होते. एक मीटरच्या लूपला ७ मेगाहर्ट्झला साधारण १६० पीएफ (पिकोफॅरड) लागतात, १४ ला ४० च्या आसपास.

जागेचंही तसंच. दिंडोरी-निफाडकडे ओळखीच्या मळ्यात बसायचा मोह होतो, पण द्राक्षबागेतले लोखंडी अँगल आणि जीआय तारा लूपला ट्यूनवरून हलवतात आणि पॉवरही खातात. बांधावर, मोकळ्यात बसा. सोलर पंपाच्या कंट्रोलरचा किंवा हायटेन्शन लाइनचा गोंगाट असेल तर लूप उभा ठेवूनच फिरवा. त्याच्या सपाट तोंडाच्या दिशेला खोल नल (जिकडचं जवळपास ऐकू येत नाही अशी दिशा) असतो, तो गोंगाटाकडे करा. मुंबई-पुण्याशी बोलताना लहरी जवळपास सरळ वर जाऊन परत येतात, त्यामुळे लूप फिरवल्याने ते संपर्क फारसे बिघडत नाहीत. लूप आडवा मात्र ठेवू नका. मग नल थेट डोक्यावर येतो आणि नेमकं पुणंच जातं.

लूपला फार उंची लागत नाही, खालचं टोक जमिनीपासून मीटरभर वर असलं की पुरे. ट्रायपॉड मात्र वाऱ्याने हलला की एसडब्ल्यूआरही हलतो. अंजनेरीच्या पठारावर खुंट्या ठोकू नका, तिथे सेरोपेजिया अंजनेरिकासारखी दुर्मिळ झाडं आहेत. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ट्रायपॉडला लटकवा. बोलताना लूपपासून दोन मीटर तरी लांब बसा, पॉवर वाढवलीत तर आणखी लांब. बघायला जमलेल्या पोरांनाही तेवढंच मागे ठेवा, कारण त्यांचा हात आधी चकाकणाऱ्या कपॅसिटरकडेच जातो.