डी-झिरो मोजताना: अंश सोपा, छेद अवघड

आमच्या पार्टिकल फिजिक्सच्या फील्डमध्ये नवीन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिलं काम एकच मिळतं, डी-झिरो नावाचा कण डेटातून काढून दाखव. मलाही तेच मिळालं. परभणीहून एमएस्सी करून आलेली, सी प्लस प्लस वहीत लिहून पास झालेली, लिनक्सचं तोंड बघितलेलं नाही, आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी एक फाईल दिली न म्हणाले यातले के (केऑन) आणि पाय (पायॉन) हे कण जोड, मास काढ, १८६५ एमईव्हीला (आम्ही मास ऊर्जेच्या एककात मोजतो) काहीतरी दिसायला पाहिजे. तीन दिवस काहीच दिसेना. मी मोमेंटम जीईव्हीत (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) आणि मास एमईव्हीत टाकत होते, हसू नका, हे सगळ्यांचं होतं. चौथ्या दिवशी दिसलं, माळरानात मध्येच एखादी टेकडी उभी असावी तसा पीक. त्या रात्री मेसमध्ये दोन गुलाबजाम जास्त खाल्ले.

आता सहा वर्षं यात घालवल्यावर सांगते, तो पीक म्हणजे नुसता अंश. छेद बाकी असतो, आणि पीएचडीची वर्षं छेदातच जातात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितेय.

बॅकग्राऊंड पटकन सांगते. चार्म क्वार्क (क्वार्क म्हणजे असे कण ज्यांचे बनतात ते मूलकण) कळला १९७४ च्या नोव्हेंबरात जे-साय कणामुळे, आणि डी मेसॉन (डी-झिरो त्यातलाच) १९७६ मध्ये अमेरिकेत स्लॅक लॅबमध्ये मार्क वन डिटेक्टरवर सापडला, तोही के आणि पाय जोडून मास काढला त्यातूनच, म्हणजे मला पहिल्या आठवड्यात दिलेला होमवर्क हा तेव्हाचा मोठा शोध होता. डी-झिरोमध्ये एक चार्म क्वार्क आणि एक अँटी-अप. जगतो सरासरी ४१० फेम्टोसेकंद, मग फुटतो. के-पायमध्ये फुटण्याचं प्रमाण ३.९ टक्क्यांच्या आसपास, बाकीचे डझनावारी वेगवेगळ्या प्रकारांनी. कुठल्या प्रकाराने किती टक्के फुटतो याला ब्रांचिंग फ्रॅक्शन म्हणायचं, आणि ते मोजणं हेच आमचं मुख्य काम.

ऐकायला शाळेतलं गणित वाटतं. वर टाका तुम्हाला किती सापडले, खाली टाका एकूण किती झाले. पण सापडलेत ते तुमच्या डिटेक्टरमधून, तुमच्या कट्समधून, म्हणजे निवडीच्या अटींमधून, गाळून उरलेले. आई सुपात तांदूळ पाखडते तेव्हा कोंडा उडतो, खडे बाजूला होतात, पण थोडे चांगले दाणेही खाली सांडतात ना, तर आम्हाला सुपात उरले त्यापेक्षा सांडले किती हे नेमकं सांगावं लागतं, आणि नुसतं सांगून भागत नाही, त्या आकड्यावर किती भरवसा आहे तेही सांगायचं. याला एफिशियन्सी म्हणतात. ती बहुतेक वेळा सिम्युलेशनमधून येते, आम्ही एमसी म्हणतो, माँटे कार्लोचं लघुरूप, आणि एमसी खोटं बोलत नाहीये हे डेटावर तपासत बसणं हे पुढच्या दोन वर्षांचं काम.

मी ज्या डेटावर शिकले तो बेल या प्रयोगाचा, जपानमधल्या त्सुकुबा गावातल्या केईके लॅबचा. १०.५८ जीईव्हीला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळतात. मशीन बी मेसॉनसाठी बांधलेलं, पण चार्मच्या जोड्या बी पेक्षा थोड्या जास्तच निघतात. बेलने सगळा मिळून साधारण एक इन्व्हर्स ॲटोबार्न (टकरींचा डेटा मोजायचं एकक) डेटा घेतला, त्यात चार्मच्या जोड्या जवळजवळ १३० कोटी. तरीसुद्धा त्या आकड्याने थेट भागाकार करता येत नाही, कारण त्यातल्या नेमक्या किती चार्मचा डी-झिरो झाला आणि किती जणांचं दुसरंच काही झालं हे तेवढ्या बारकाईने माहीत नसतं. म्हणून आम्ही युक्ती करतो, आपल्याला हवा तो डीके (फुटण्याचा प्रकार) आणि शेजारी के-पाय, दोन्ही एकाच डेटातून मोजून गुणोत्तर घ्यायचं. डी किती झाले तो आकडा वरखाली कटतो, ट्रॅक (कणाचा माग) सापडण्यातली अनिश्चितता बरीचशी कटते. जे कटत नाही ते तुमच्या नशिबाला.

चीनमध्ये बेस-थ्री प्रयोगवाल्यांची पद्धत मला जास्त देखणी वाटते, थोडा हेवाही वाटतो. ते ३.७७३ जीईव्हीला टक्कर घडवतात, तिथे डी आणि अँटी-डी जेमतेम तयार होतील एवढीच ऊर्जा असते, तिसरा कण बनायला जागाच नाही. म्हणजे एका बाजूला एक डी पूर्ण पकडला की समोर दुसरा असणारच. पकडलेले मोजले की छेद हातात! याला डबल टॅग म्हणतात. न्यूट्रिनो घेऊन पळणारे डीके मोजायचे असतील तर याच्यासारखं काही नाही, कारण न्यूट्रिनो दिसला नाही तरी काय गहाळ झालंय याचा हिशोब लागतो.

आता माझी फजिती, कारण त्यातून मी जितकं शिकले तितकं कुठल्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये नाही शिकले.

डी-झिरो आहे का अँटी-डी-झिरो हे कळायला आम्ही डी-स्टारमधून (डी-झिरोपेक्षा जरा जड कण) आलेले घेतो. डी-स्टार फुटून डी-झिरो आणि एक पायॉन देतो. दोघांच्या मासमधला फरक १४५.४ एमईव्ही, आणि पायॉनचं स्वतःचंच वजन १३९.६, म्हणजे धावायला उरले जेमतेम ६ एमईव्ही. म्हणून तो पायॉन फार हळू असतो, नावच स्लो पायॉन. त्याचा चार्ज म्हणजे डी-झिरोच्या जन्माचा दाखला. आणि फरकाचा प्लॉट, ज्याला आम्ही डेल्टा एम म्हणतो, तो सुईसारखा टोकदार येतो, कारण डी-झिरोच्या मोजमापातल्या चुका वजाबाकीत बऱ्याच जातात. (या शेवटच्या वाक्यातच पुढची गोची आहे.)

तर मला ट्रेनिंग म्हणून राँग साईनचं गुणोत्तर काढायला सांगितलं होतं. नेहमीचा डीके के-मायनस पाय-प्लस, उलटा के-प्लस पाय-मायनस. उलटा फार क्वचित, २६० ला एक म्हणा, ०.३८ टक्क्यांच्या जवळपास. मी डेल्टा एम फिट केला, म्हणजे प्लॉटवर गणिती वक्र बसवून सिग्नल मोजला, आणि आलं ०.५५. परत केला, परत ०.५५. एरर बार, म्हणजे अनिश्चितता, तर इवलासा. मला रात्रभर झोप नाही, वाटलं काहीतरी मोठं सापडलंय, सकाळी स्लाईड्स करून सरांच्या केबिनमध्ये. त्यांनी दोन मिनिटं बघितलं न म्हणाले, "अगं, के आणि पाय उलटे लावून मास काढून बघितलास का?"

नव्हता बघितला.

झालं असं होतं की डिटेक्टर कधीकधी के ला पाय समजतो आणि पाय ला के. समजा एक चूक ८ टक्के वेळा होते आणि दुसरी ५ टक्के. दोन्ही एकाच घटनेत झाल्या तर ०.४ टक्के. आणि मी शोधत होते ते किती, ०.३८! म्हणजे चुकीने उलटे दिसणारे नेहमीचे डीके माझ्या खऱ्या सिग्नलइतकेच होते. डी-झिरोच्या मासमध्ये ते पसरतात, तिथे बहुतेक पकडले गेले असते, पण मी मासची खिडकी ऐसपैस ठेवली होती, का तर म्हणे सिग्नल वाया जायला नको. आणि डेल्टा एममध्ये ते पसरतात कमी, कारण स्लो पायॉन तर खराच असतो, पीक जरा फताडा येतो पण १४५ वरच. मग खिडकी आवळली, उलटं लावून मास डी-झिरोजवळ येतोय ते काढून टाकले, के आणि पायचा कट कडक केला. नवीन आकडा एरर बारच्या आत ०.३८ शी जुळला. सर एवढंच म्हणाले, "आता कट बदलल्यावर एफिशियन्सी किती बदलली ते सांग." परत छेद.

हाच चॅनेल पुढे जाऊन किती मोठा आहे बघा, २००७ मध्ये अमेरिकेतल्या बाबार प्रयोगाने याच्यातूनच डी-झिरो आणि अँटी-डी-झिरो एकमेकांत मिसळतात याचा पुरावा दिला, बेलने त्याच सुमारास के-के आणि पाय-पायमधून दिला, आणि २०१२ ला सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने परत के-पायमधूनच ९.१ सिग्माला (सिग्मा म्हणजे निकाल किती पक्का याचं माप) शिक्कामोर्तब केलं. त्या पेपरमध्ये सगळ्यात आधी मी काय शोधलं असेल तर डबल मिसआयडीचा, म्हणजे के आणि पायच्या त्या दुहेरी अदलाबदलीचा, पॅराग्राफ.

घरबसल्या सुरुवात करायची असेल तर एलएचसीबीचा मास्टरक्लास करा, डी-झिरोचं आयुष्य मोजायचा. लॅपटॉप पुरतो. त्यात गंमत अशी की आधी आयुष्य जास्त येतं, ४१० च्या वरच, आणि मुलं म्हणतात सॉफ्टवेअर चुकलं. चुकलेलं नसतं, काही डी-झिरो थेट टक्करीतून न येता बी मेसॉनमधून आलेले असतात, बी आधी जगून मग डी देतो म्हणून ते म्हातारे दिसतात. डी-झिरोचा माग टक्करीच्या बिंदूपासून किती हुकतोय त्यावर कट लावत गेलात की आकडा हळूहळू खाली उतरतो. एका दुपारी अख्खं अ‍ॅनालिसिस काय असतं ते कळतं. बेलचा पुढचा अवतार असलेल्या बेल टूने २०२१ मध्ये हेच आयुष्य ४१०.५ फेम्टोसेकंद मोजलं, एररचे दोन्ही आकडे एका फेम्टोसेकंदाच्या आसपास, आणि तिथे डी-झिरो सरासरी २०० मायक्रॉनच उडतो, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. ते जमलं कारण आतला पिक्सेल थर बीमपासून १.४ सेंटीमीटरवर आणून बसवलाय. त्याच्या बाहेर सिलिकॉनचे चार थर, त्यातला एक बनवण्यात आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचा हात आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि उगाच छाती फुगली.

प्रवेशाचं म्हणाल तर बीएस्सीनंतर जॅम, एमएस्सीनंतर नेट, गेट, जेस्ट किंवा टीआयएफआरची परीक्षा. बेल टूवर टीआयएफआर, आयआयटी मद्रास, आयआयटी भुवनेश्वर, आयआयटी हैदराबाद, आयसर मोहाली असे ग्रुप आहेत. जेआरएफ, म्हणजे रिसर्च फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७ हजार, पण वेळेवर येईल अशा हिशोबाने ईएमआय घेऊ नका, माझी एकदा पाच महिने अडकली होती न तेव्हा रूममेटच्या जिवावर जगले. पायथन येत असेल तर उत्तम, नसेल तर जॉईन व्हायच्या आधी तीन महिने द्या. क्वांटम फील्ड थिअरी नीट येत नाही म्हणून घाबरू नका, या बसा, पण स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर खरंच रडाल. लाइकलीहूड म्हणजे काय, पुल म्हणजे काय, टॉय एमसी कशासाठी, हे एमएस्सीत कुणी शिकवत नाही आणि इथे रोज लागतं.

त्सुकुबाला शिफ्टसाठी जावं लागतं. टोकियोच्या अकिहाबाराहून ट्रेन ४५ मिनिटं. कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी म्हणजे दहा स्क्रीन, कुठेतरी काहीतरी पिवळं होतं, लाल झालं की फोन करायचा, आणि पहिल्या रात्री फोन करायची इतकी भीती वाटते की आपणच लाल होतो. करा फोन. एक्स्पर्टला रात्री तीनला उठवण्याचेच पैसे असतात. शाकाहारी असाल तर तिथल्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही मासा असतो, भडंग आणि मेतकूट न्या, भात सगळीकडे मिळतो.

शेवटचा भाग ब्लाइंडिंगचा. माझं खरं अ‍ॅनालिसिस डी आणि अँटी-डी सारखेच फुटतात का यावर होतं. २०११ मध्ये एलएचसीबीला के-के आणि पाय-पायच्या असिमेट्रीमध्ये (डी आणि अँटी-डीच्या फुटण्यातली तफावत) ०.८२ टक्के फरक दिसला होता, ३.५ सिग्मा, थिअरीवाल्यांनी धडाधड पेपर लिहिले, मग डेटा वाढला तसा तो फरक आटत गेला, आणि २०१९ च्या मार्चमध्ये सुमारे ७ कोटी डीके मोजून खरा फरक निघाला ०.१५४ टक्के, ५.३ सिग्मा. एवढ्या बारीक आकड्यात माणूस नकळत आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत कट हलवत बसतो. म्हणून उत्तर लपवून ठेवायचं, सगळे कट, सगळ्या सिस्टिमॅटिक्स (पद्धतीतून येणाऱ्या चुकांचे अंदाज) गोठवायच्या, रिव्ह्यू कमिटीने हो म्हटलं की मगच उघडायचं. कमिटीला दिलेल्या माझ्या नोटवर ७४ कमेंट्स आल्या होत्या. त्यातली एक, प्लॉटच्या चौदाव्या बिनमध्ये (कप्प्यात) पॉईंट खाली का आहे, तिने माझे तीन आठवडे खाल्ले, निघालं काय तर एका महिन्याचा डेटा मी दोनदा जोडला होता.

उघडायच्या दिवशी झूमवर नऊ जण. तिकडे जपानमध्ये संध्याकाळचे सात, इकडे साडेतीन. मी एक ओळ बदलली, एंटर मारलं, फिट चाळीस सेकंद चालला, कुणी बोलेना. असिमेट्री शून्याशी जुळणारी आली, एररच्या आत. कुणीतरी टाळ्यांचा इमोजी टाकला. सर म्हणाले छान, आता टेबल पाचमधला स्लो पायॉनचा करेक्शन परत एकदा बघ, मला तिथे तिसऱ्या दशांशाला काहीतरी खटकतंय. मी चहा घेऊन आले आणि टेबल पाच उघडलं.